प्रेक्षकाची जागा

“तुझी आवड म्हणजे धर्मशाळा आहे. येईल त्याला जागा!” एका चोखंदळ मित्राने मला सुनावलं. निमित्त एवढंच, की एकाच संध्याकाळी मी ‘टोकियो स्टोरी’चंही कौतुक केलं आणि ‘अशी ही बनवाबनवी’चंही. दोन्ही भावतात म्हणणाऱ्याला दोन्हींतलं काही कळलेलं नसतं, असं त्याचं मत. वाक्य टाळ्या घेणारं होतं, म्हणून जास्तच टोचलं.

अशा वेळी माझं एक ठरलेलं उत्तर असतं. सिनेमाला त्याने स्वतः घालून घेतलेल्या अटीवर जोखावं, आपण घातलेल्या अटीवर नाही. ‘बनवाबनवी’ने १९८८ साली हसवायचा विडा उचलला आणि तो पेलला, त्याला जीवनदर्शन मागणारा माणूस चुकीच्या खिडकीवर रांगेत उभा आहे. मित्राला हे पटत नाही. त्याला सिनेमा संथ लागतो, परदेशी लागतो, शक्यतो कृष्णधवल लागतो, आणि या पथ्याला तो अभिरुची म्हणतो.

त्याला गप्प करायला मी एक जुनीच कथा काढली. म्हातारे आईबाप मुलांना जड होतात. लिओ मॅकॅरीने ती १९३७ साली ‘मेक वे फॉर टुमारो’मध्ये सांगितली. घर बँकेकडे जातं, पाच मुलांपैकी कोणालाच दोघं एकत्र नको असतात, म्हणून आई एकीकडे आणि वडील दुसरीकडे. ओझूने १९५३ साली ‘टोकियो स्टोरी’ केला, त्याचा पटकथाकार कोगो नोडा याला मॅकॅरीचा सिनेमा ठाऊक होता. १९५४ साली राजा परांजप्यांचा ‘ऊन पाऊस’ आला, आणि २००३ साली रवी चोप्रांचा ‘बागबान’. चौघांचे धर्म वेगळे, काळ वेगळे.

मॅकॅरीविषयी थोडं अधिक सांगायचा मोह आवरत नाही. लॉरेल-हार्डी ही जोडी जमवण्यात याच माणसाचा हात होता, आणि मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ही याचाच. ‘मेक वे फॉर टुमारो’चा शेवट गोड करा म्हणून स्टुडिओ मागे लागला होता, हा बधला नाही, आणि सिनेमा पडला. त्याच वर्षीच्या ‘द ऑफुल ट्रुथ’ या विनोदी सिनेमासाठी त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा तुम्ही ते चुकीच्या सिनेमाला दिलंत, असं तो म्हणाला. आपल्याकडे ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘ऊन पाऊस’ हे दोन्ही एकाच परांजप्यांचे. हसवण्याचं आणि रडवण्याचं दुकान एकाच घरात असतं, हे मित्राच्या वर्गवारीत कुठे बसवायचं?

इथवर मी जिंकत होतो. मग माझ्याच लक्षात आलं, की माझ्या नियमाने ‘बागबान’ सुटतो. प्रेक्षकांना रडवायचं आणि शेवटच्या भाषणाला टाळ्या घ्यायच्या, ही त्याची अट, आणि ती त्याने पुरी केली. तरीही मला तो मॅकॅरीच्या खालचा वाटतो. मग कुठल्या अटीवर?

दोन्ही सिनेमांत ताटातूट झालेलं जोडपं फोनवर बोलतं. ‘बागबान’मध्ये त्याचं गाणं होतं, आणि ते गाणं मला मनापासून आवडतं. साठीच्या नवराबायकोला प्रियकर-प्रेयसी होऊ देणं ओझूच्या संयमाला जमलं नसतं. इथे हिंदी सिनेमाचा भाबडेपणा त्याच्या पुढे जातो. मॅकॅरीकडे सून घरी ब्रिजचा वर्ग घेते आहे. सासूबाईंना फोन येतो. फोनवर ओरडूनच बोलायचं असतं, अशी त्यांची समजूत. पाहुणे आधी वैतागतात, एकमेकांकडे बघतात, आपणही हसतो. प्रसंगाची बांधणी शुद्ध विनोदी आहे. मग काय बोलणं चाललंय ते कानावर पडत जातं, आणि एकेक मान खाली जाते. मॅकॅरीने आपल्याला त्या पाहुण्यांत बसवलेलं असतं. आपण हसलेलो असतो, आता सुटका नाही.

हा प्रश्न कुठल्याही सिनेमाला विचारता येतो: तू मला कोणाशेजारी बसवलंस? ‘सायको’त गाडी दलदलीत बुडता बुडता क्षणभर थांबते, आणि आपला जीव खुन्याचे पुरावे झाकणाऱ्यासाठी वरखाली होतो. ‘बनवाबनवी’त टोप निसटू नये म्हणून आपण चक्क लबाडांच्या बाजूने धास्तावतो. ‘टोकियो स्टोरी’त मुलं दुष्ट नाहीतच, नुसती कामात आहेत, आपण त्यांच्यात आरामात सामावतो आणि उशिरा अवघडतो.

म्हणजे प्रकार ओलांडून तुलना करता येते, करावीच लागते. ‘ज्याची त्याची अट’ ही माझी पळवाट होती. या मुद्द्यावर मित्र बरोबर आहे, पण पथ्याने जगणाऱ्याला अशी तुलना करायला दुसरं माप आणायचं कुठून? त्याने ‘बागबान’ पाहिलेलाच नाही. तो भडक आहे, त्यात गाणी आहेत, हे त्याचे ऐकीव आक्षेप. माझा आक्षेप वेगळा आहे. तो सिनेमा मला पहिल्यापासून अमिताभ आणि हेमामालिनीच्या मधोमध बसवतो आणि तिथून हलूच देत नाही. त्यातली चारही मुलं थिएटरबाहेर पडताना मला दुसऱ्याच कोणाची तरी वाटली होती.