सुरतेला उतरलेला मुलगा

१९१६ च्या मार्चमध्ये विनायक नरहर भावे नावाचा वीस वर्षांचा मुलगा बडोद्याहून इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघाला आणि वाटेत सुरतेलाच उतरला. परीक्षेला जात नाही, दुसरीकडे जातोय, पण गैर काही करणार नाही, एवढं वडिलांना कळवून त्याने काशी गाठली. सर्टिफिकेटं त्याने आधीच आईच्या देखत चुलीत घातली होती.

हे विनोबा. सोळा वर्षांनी, १९३२ मध्ये, ते धुळ्याच्या तुरुंगात होते. आमच्या पिंपळनेरची पांझराच पुढे धुळ्यात जाते, त्यामुळे ही गोष्ट मला कायम घरची वाटत आली आहे. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी गीतेवर त्यांची अठरा प्रवचनं झाली. सोबत कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली.

मला गंमत वाटते ती पहिल्या प्रवचनाची. अर्जुनाला युद्ध सोडायचंय, आणि विनोबा म्हणतात, हा स्वधर्मापासून पळतोय. परीक्षेच्या वाटेवर गाडीतून उतरलेला माणूस दुसऱ्याला उतरू नको म्हणतोय! मग उदाहरण देतात एका न्यायाधीशाचं. त्याने शेकडो जणांना फाशी दिलेली असते. स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर आला, तेव्हा मात्र त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटायला लागते. मुद्दे खरे असतीलही, पण ते सुचले मोहातून.

मी राज्यसेवेची तयारी सोडली तेव्हा हा न्यायाधीश माझ्या मागे लागला होता. इंजिनिअरिंगनंतर दोन वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढली. जागा किती आणि फॉर्म किती, निकाल कधी, मुलाखत कधी, सगळ्यावर भाषण देता येईल इतके मुद्दे माझ्याकडे होते. पण ते आपल्याला नापास झाल्यावरच सुचतात का, हे तपासायला हवं होतं. मग आठवलं, सराव परीक्षेत चांगले मार्क पडायचे त्या संध्याकाळीसुद्धा ‘उद्या परत हेच’ म्हणून पोटात खड्डा पडायचा. उलट मित्राच्या क्लासची बिघडलेली वेबसाइट दुरुस्त करताना रात्रीचे दोन वाजलेले कळायचं नाही. यश मिळालं तरी नको वाटणारी गोष्ट आपली नसते, असं मला वाटतं.

म्हणून साने गुरुजींचं सोडणं मी या हिशोबात धरत नाही. १९३० मध्ये त्यांनी अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडली, पण शिकवणं तर त्यांच्या रक्तातच होतं. आपल्याला न मानवणारं सोडणं आणि आवडीचं मोठ्या कामासाठी सोडणं, दोन्हींना आपण सरसकट ‘त्याग’ म्हणतो. माझं सोडणं त्याग नव्हताच. मला सुटल्यासारखं वाटलं.

आता कृतज्ञता. रील्समध्ये लोक स्वतःचेच आभार मानतात, धाडस केल्याबद्दल. मला ते जमत नाही. आज नोकरी बरी आहे म्हणून सोडणं बरोबर ठरलं, हेही पटत नाही. नोकरी उद्या जाऊ शकते. विनोबा पुढे विनोबा झाले म्हणून आपण सुरतेची गोष्ट सांगतो. न झाले असते, तर भाव्यांच्या घरात ती कशी सांगितली गेली असती?

माझे आभार आहेत ते आप्पांचे. दोन वर्षांचा खर्च त्यांनी कांद्याच्या पैशांतून केला होता. फोनवर मी मुद्दे मांडायला लागलो तर मध्येच म्हणाले, “मन लागत नही ना? मंग घर ये.” हिशोब मागितला नाही, तेव्हाही आणि नंतरही. मी एकदा थँक्यू म्हणून पाहिलं, तर त्यांनी मोटार चालू करायला पाठवलं.

माझा चुलतभाऊ अजून पुण्यात आहे, चौथं वर्ष. दिवाळीत त्याला विचारलं, पेपर चांगला जातो त्या दिवशी कसं वाटतं? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, तुला घर ये म्हणणारं कोणी होतं.” काकांनी त्याच्यासाठी शेत गहाण ठेवलंय. काकांशी मी बोलू का, असं विचारलं.

“पूर्व परीक्षा होऊ दे,” म्हणाला.