बाळ येण्याआधीचं बापाचं ताट



आजचं वाचन : ऐतरेय उपनिषद, अध्याय दुसरा.

ऋग्वेदातलं हे उपनिषद तसं लहानसंच. दुसरा अध्याय तर काही मिनिटांत वाचून होतो. पण सुरुवातीलाच ऋषी असं काही सांगतात की पुढे जाववत नाही. आपण म्हणतो, गर्भ आईच्या पोटी राहतो. ऋषी म्हणतात, त्याही आधी तो पुरुषाच्या ठायी असतो. त्याच्या सर्व अवयवांतलं तेज एकवटून बीज होतं आणि ते तो स्वतःमध्ये वागवत असतो. ते आईकडे सोपवलं जातं, तो जिवाचा पहिला जन्म. बाळ या जगात येतं, तो दुसरा.

म्हणजे आपण ज्याचं बारसं करतो, पेढे वाटतो, तो जन्म मुळी दुसरा आहे! पहिल्या जन्माआधी बाळाला सांभाळणारा असतो तो बाप.

आता आपल्या घरांतली रीत बघा. सुनेला दिवस गेले की तिच्या ताटावर दहा जणांचे डोळे. पपई खाऊ नकोस, दूध पी, उपास सोड. हे सगळं प्रेमापोटीच असतं, नाही असं नाही. पण मुलाला कुणी विचारतं का, की बाबा रे, गेले तीन महिने तू काय खात होतास? रोज रात्री टपरीवरचं तळलेलं, वर थंड पेय, शनिवारी ‘बसणं’. त्याचा काय संबंध, असंच आपण धरून चालतो. आणि बाळात काही उणं निघालं की बोट आईकडे.

तीन महिने हा शब्द मी उगाच वापरला नाही. पुरुषाच्या शरीरात एक शुक्राणू घडून पूर्ण तयार व्हायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. त्या काळात तो माणूस जे खातो-पितो, त्यातच ते बीज घडत असतं. सिडनीतल्या संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नर उंदरांना खूप चरबीचं खाणं दिलं, माद्यांना मात्र साधंच. तरीही त्या नरांच्या लेकींमध्ये इन्सुलिन स्रवण्यात आणि साखर पेलण्यात बिघाड दिसला. २०१३ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून दुसरा प्रयोग आला. ज्या नरांच्या खाण्यात फोलेट कमी होतं, त्यांच्या पिल्लांत जन्मदोष जास्त आढळले. हे फोलेट म्हणजे कुठलं महागडं औषध नव्हे. पालक, मूग, मसूर, हरभरा, शेंगदाणे यांत ते असतं.

हे घडतं कसं? जनुकांची अक्षरं बदलत नाहीत. पण कुठलं जनुक जागं राहावं, कुठलं निजावं, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा त्यांच्यावर असतात. शिवाय शुक्राणू आपल्यासोबत आरएनएचे बारीक तुकडेही नेतो. बापाच्या आहाराचा ठसा या दोन्हींवर उमटू शकतो. पोथी तीच, पण समासात कुणीतरी पेन्सिलीने ‘हे वाच, हे सोड’ असं लिहून ठेवावं, तसं काहीसं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यातला बराचसा पुरावा उंदरांचा आहे. माणसाबद्दल इतक्या ठामपणे अजून बोलता येत नाही. म्हणून कुणी ‘हे खा आणि हुशार मुलगा मिळवा’ असं विकायला लागला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

मागे आमच्या वाचनगटात हाच विषय निघाला होता. सगळे गेल्यावर एक गृहस्थ मागे रेंगाळले. त्यांच्या मुलीला जन्मापासून पाठीच्या कण्याचा त्रास आहे. खाली बघत त्यांनी विचारलं, “दादा, म्हणजे माझ्यामुळेच का हो हे?”

या प्रश्नापुढे पांडित्य चालत नाही. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. कितीतरी जन्मदोषांचं नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. आणि एका बापाच्या ताटाकडे बोट दाखवून ‘यानेच झालं’ म्हणावं, असं कुठलंच शास्त्र नाही. प्रयोगातल्या उंदराने तरी आपलं खाणं कुठे निवडलं होतं? दुष्काळात ज्याला भाकरीवर चटणीच मिळाली, त्या बापाचा काय गुन्हा? त्याच्या ताटात डाळ का नव्हती, हा प्रश्न त्याला नाही, आपल्या सगळ्यांना आहे.

मला वाटतं, दोष आणि कर्तव्य यांत आपण इथेच गल्लत करतो. दोष मागे बघतो, कर्तव्य पुढे बघतं. जे होऊन गेलं त्याचा हिशोब मांडून स्वतःला जाळत बसणं हा धर्म नव्हे. पण जे अजून व्हायचं आहे ते माझ्या हातातून जाणार असेल, तर हात स्वच्छ ठेवणं हा धर्म आहे.

मग कुणी म्हणेल, जे बाळ अजून नाहीच, त्याचं मी काय देणं लागतो? आपल्या परंपरेने याचं उत्तर पितृऋण या कल्पनेत देऊन ठेवलंय. पूर्वजांचं ऋण पुढच्या पिढीतून फिटतं, असं ती सांगते. घेतलेलं मागे परत करता येत नाही, ते पुढेच द्यावं लागतं. आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळं आपण खाल्ली. ते झाड लावलं तेव्हा आपण तरी कुठे होतो?

याच अध्यायात ऋषी आणखी दोन गोष्टी सांगतात. बीजाला जपणाऱ्या आईलाही जपलं पाहिजे, ही एक. आणि बाप बाळाला जन्माआधी आणि जन्मानंतर जपतो, तेव्हा तो स्वतःलाच जपत असतो, ही दुसरी. नऊ महिने पोटात वागवणं पुरुषाच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला येतात ते हे आधीचे थोडे महिने. ही सेवा कुणाला दिसत नाही, तिचं डोहाळजेवण होत नाही. तरी ती सेवाच आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत फार खाणंही नको आणि उपाशी राहणंही नको म्हणतात, ते योग्यासाठी. मला वाटतं, बाप होऊ पाहणाऱ्यालाही ते तसंच्या तसं लागू आहे.

आजचा संकल्प : घरात कुणी बाळाचा विचार करत असेल, तर मुगाची उसळ आणि पालेभाजी दोघांच्याही ताटात वाढा. दारू-तंबाखू दोघांसाठीही वर्ज्य. आणि ज्यांच्या घरी आजारी मूल आहे, त्यांना खाण्यावरून एक शब्दही बोलू नका.

हे अन्नपूर्णे, जे अजून आमच्या दारी आलं नाही, त्याच्याही वाट्याचा घास आमच्या हातून शुद्ध राहू दे.

राम कृष्ण हरी!