भिंतीआडचा हिशेब

गीझरचा पॉइंट काढायला किती घ्याल, हे वायरमनला फोनवर विचारणं सोपं असतं. पण खरा खर्च भिंतीआड दडलेला असतो. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर घेतो. मीटरपासून आलेली तार तेवढा भार पेलेल का, ती तांब्याची की जुनी अॅल्युमिनियमची, पाइपात नवी तार सरकेल की भिंत फोडावी लागेल, हे बोर्ड उघडल्याशिवाय कळत नाही. जुन्या घरांत तर तीन पिनांच्या सॉकेटमागे कधी अर्थिंगची तारच नसते!

कुणी म्हणेल, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की झालं. फोटोत बोर्डाची दर्शनी बाजू दिसते, मागचं वितळलेलं इन्सुलेशन दिसत नाही. पंखा बदलण्यापुरता फोनवरचा दर चालेलही. पाहणीचे वेगळे पैसे मागतात, ही तक्रारही रास्त. मात्र न बघता सांगितलेला स्वस्त आकडा काम अर्धवट असताना वाढतो, आणि तेव्हा नको म्हणायची सोय उरत नाही. म्हणून परवानाधारक वायरमनला आधी घरी बोलवा, अर्थिंग तपासायला लावा आणि तारेच्या जाडीसकट अंदाजपत्रक लेखी मागा.