भेडाघाटची न मोजलेली पुंजी

भेडाघाटला दोन तऱ्हेचे पाहुणे येतात. एक जबलपूरहून गाडीने येतो, धुआँधार धबधब्याचे तुषार अंगावर घेतो, पंचवटी घाटावरून नावेत बसतो, मऊ दगडाचा छोटा गणपती घासाघीस करून घेतो आणि दिवेलागणीआधी परत फिरतो. दुसरा पायी येतो. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चाललेला हा परिक्रमावासी. नदी ओलांडायची नाही हा त्याचा नेम, त्यामुळे इथल्या नावेत तो पायही ठेवत नाही. त्याला ओसरी मिळते, सदाव्रतात पीठ, डाळ, मीठ मिळते. ‘नर्मदे हर’ एवढी ओळख पुरते.

जगन्नाथ कुंट्यांपासून भारती ठाकुरांपर्यंत मराठीत परिक्रमेवर भरपूर लिहिले गेले. त्यात चालणाऱ्याचे अनुभव असतात. मला उत्सुकता वाढणाऱ्याची. अवेळी चार माणसे दारात उभी राहिली, तर पीठ कोणाकडून उसने आणायचे, कोणाची ओसरी गळत नाही, रात्री ताप चढला तर कोणाला उठवायचे, हे त्या घराला ठाऊक असावे लागते. परक्याचा पाहुणचार आळीतल्या जुन्या देवाणघेवाणीवर चालतो. ती आटली की सदाव्रताचे डबे कितीही भरले तरी उपयोग नाही.

ही देवाणघेवाण मोजायची कशी? जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅक्नाइट यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांबद्दल म्हटले, की वस्तीत काय नाही याची यादी करण्याआधी काय आहे ते मोजा. भेडाघाटात ही मोजणी नावाड्यापासून सुरू करावी. संगमरवरी कड्यांमधून नाव नेताना तो यमके जुळवत, टोमणे मारत बोलत असतो. कड्यांमधली अरुंद जागा, बंदरकूदनी, आली की प्रवासी हमखास हसतात. तोंड असे चालू, पण नजर पाण्यावर. खडक कुठे बुडाला आहे, वर बरगी धरणातून पाणी सोडल्यावर धार कशी बदलते, हे त्याच्या हातांना कळते. पाय घसरून कोणी पात्रात गेले, की आधी हाकही त्यालाच जाते.

भेडाघाट-लमेटाघाट २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. २०२३ मध्ये जबलपूरच्या पाषाणशिल्पाला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदच आहे. पण यादीत कडे जातात, मानांकन कलाकुसरीला मिळते. पावसाळ्यात नौकाविहार बंद असताना नावाड्याची चूल किराणावाल्याच्या उधारीवर पेटत असेल, तर ती उधारीची वही कोणत्या वारशात धरायची?

अशा मोजणीतून निघणारे ‘ताकद लोकांतच आहे’ हे वाक्य सरकारला मात्र फार सोयीचे पडते. नावेतली जीवरक्षक जॅकेटे, घाटावरची शौचालये, नदीत उतरणारे सांडपाणी ही कामे शेजारधर्मावर सोडून चालत नाहीत. शिवाय शेजारधर्मालाही आंधळे कोपरे असतात. परिक्रमावाशाचे पाय धुणारे गाव आपल्याच एखाद्या वस्तीला पाणवठ्यापासून लांब ठेवू शकते. पाहुणा उद्या जाणार असतो, शेजारी राहणार असतो. म्हणून पाहुण्याशी चांगले वागणे तुलनेने सोपे.

देखभालीचा प्रश्न इथे जुनाच आहे. कलचुरी राणी अल्हणदेवीचा ११५५ सालचा भेडाघाटचा शिलालेख इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी संपादित केला आहे. राणीने शिवमंदिर बांधले, सोबत मठ, व्याख्यानशाळा आणि बागा केल्या, खर्चासाठी दोन गावे लावून दिली आणि कारभार लाट देशाच्या रुद्रराशी या पाशुपत आचार्याकडे सोपवला. नुसते बांधून भागत नाही हे तिला उमगले होते. आपल्या बऱ्याच सुशोभीकरण योजनांना ते अजून उमगायचे आहे. त्या दोन गावांना मात्र कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

आज तसा बंदोबस्त करायचा, तर नौकाविहार, रोपवे आणि वाहनतळाच्या उत्पन्नातला काही भाग पावसाळ्यासाठी बाजूला काढता येईल. तो कोणाला, किती, हे ठरवायला नावाडी, मूर्ती घडवणारे, दुकानदार आणि परिक्रमावाशांचा शिधा काढणाऱ्या बायका एकाच सतरंजीवर बसल्या पाहिजेत. नगर परिषदेने ही बैठक आषाढात ठेवावी. हंगामात नावाड्याला वेळ नसतो, आणि श्रावणापर्यंत थांबलो तर उधारी आणखी चढलेली असते.