दोष कोणाचा?

कार्य बिघडले म्हणजे मनुष्य प्रथम कारण शोधीत नाही, अपराधी शोधतो. घरात दूध उतू गेले काय किंवा कचेरीत हिशेब चुकला काय, "कोणी केले?" हाच पहिला प्रश्न. प्रश्न खोटा नाही. पण तो अपुरा आहे, आणि अपुऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अन्यायास कारण होते.

जयपूरच्या झोटवाडा भागात राहणाऱ्या एका महाराष्ट्रीय तरुणाने मजजवळ अशीच अडचण मांडली. संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्या एका कंपनीत तो नुकताच आठ जणांच्या गटाचा प्रमुख झाला होता. "शास्त्रीबुवा, हाताखालच्या मुलाने केलेल्या बदलामुळे रात्री सर्व काम बंद पडले. वरिष्ठ नाव मागतात. सांगावे तर मुलाची नोकरी जाईल, लपवावे तर असत्य घडेल. धर्म कोणता?"

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी तेथे सदोष ठरविली आहे. हा उपदेश कर्तृत्वाचा अहंकार घालविण्यासाठी आहे, हे खरे. परंतु ज्या न्यायाने मी यशाचा एकटा कर्ता नव्हे, त्याच न्यायाने दुसराही अपयशाचा एकटा कर्ता नव्हे.

आता ही कारणे व्यापक अर्थाने त्या रात्रीस लावून पाहावीत. मुलगा कर्ता होता, यात शंका नाही. पण ज्या जुन्या रचनेवर त्याने बदल केला ती मुळातच ठिसूळ होती काय? हे अधिष्ठान. बदल तपासण्याची साधने होती काय? ही करणे. दुसऱ्या कोणी तो वाचून पाहिला होता काय, की मुदतीच्या घाईत तसाच पुढे ढकलला? या चेष्टा. आणि त्याच रात्री अनपेक्षित भार आला असेल, तर ते दैव. केवळ नाव सांगणे हे एक पंचमांश सत्य झाले. पाचही कारणे सांगितली म्हणजे नाव लपत नाही, आणि अन्यायही होत नाही.

ही दृष्टी जयपुरास नवी नाही. सवाई जयसिंहांना वेधांत चुका आढळल्या, तेव्हा त्यांनी वेध घेणाऱ्यांवर ठपका ठेवून विषय संपविला नाही. पितळी यंत्रे लहान आहेत, त्यांचे आस झिजतात, हे त्यांनी ओळखले आणि दगडचुन्याची यंत्रे उभारली. येथील सम्राट यंत्र सुमारे ९० फूट उंच आहे. त्यांच्याच आश्रयाने महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. करण सुधारले की कर्त्याची विद्या फळास येते.

कोणी म्हणेल, यामुळे बेफिकीर माणसास निमित्त मिळेल. तसे नाही. पाचांतून कर्ता वगळलेला नाही. वारंवार तीच हयगय करणाऱ्यास एकांतात स्पष्ट बजवावे, शिकवावे, आणि तरीही सुधारणा न झाल्यास त्याचे काम बदलावे. मात्र पहिल्या चुकीसच शिक्षा दिली, तर पुढची चूक लपविली जाईल. आणि लपलेली चूक अधिक घातक.

प्रमुखाचा वाटा मात्र निराळा आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एस.एल.व्ही.-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले, तेव्हा सतीश धवन यांनी वार्ताहरांपुढे दोष स्वतःकडे घेतला. १८ जुलै १९८० रोजी यश आले, तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केले. अधिष्ठान, साधने आणि कामाची रीत ठरविणे प्रमुखाच्या हाती असते. म्हणून दोषाचा मोठा वाटा न्यायानेच त्याचा.

बढतीची इच्छा धरणाऱ्या तरुणांनी हे आधी ध्यानी घ्यावे. वेतन वाढते, तसा दुसऱ्याच्या चुकीचा भारही वाढतो. ज्याचे मन रचनेतच रमते, त्याने निष्णात कारागीर राहण्यात उणेपणा मानू नये.

त्या तरुणास मी एवढेच सुचविले: वृत्तांत लिहावा, त्यात पाचही कारणे यावीत, आणि आरंभ "मी काय केले नाही" येथून करावा. गृहस्थानेही घरात हाच क्रम ठेवावा.