मोकळ्या वाटेचा न्याय

सार्वजनिक वस्तूवर सर्वांचा सारखा हक्क असतो, हें तत्त्व आपण सारेच मान्य करतों. परंतु हा सारखेपणा मोजावयाचा कशानें, असा प्रश्न पुढें आला म्हणजे मतभेदास आरंभ होतो. रस्त्याचेंच उदाहरण घ्या. ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठीं वसलेल्या कोलशेतच्या परिसरांत आज उंच इमारती उभ्या आहेत, आणि तेथून कापूरबावडीच्या नाक्याकडे निघालेल्या मनुष्यास रस्ता अपुरा असल्याची प्रचीति येतेच. साठ उतारूंची बस आणि एकट्या मालकाची मोटार त्या गर्दींत एकामागें एक उभ्या असतात. जो आधीं आला तो आधीं जाईल, हा एक न्याय झाला खरा. पण त्यांत गणना वाहनांची होते, माणसांची नव्हे.

माणसें मोजावयाचीं तर काय करावें लागतें, तें पुण्यानें पाहिलें आहे. डिसेंबर २००६ मध्यें कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर केवळ बसगाड्यांसाठीं वाट राखून ठेवण्याचा देशांतील पहिला प्रयोग तेथें झाला. लोक त्यास ‘बीआरटी’ म्हणतात. रस्त्यावरील जागा वाहनांस नव्हे तर माणसांस वाटून द्यावी, असें केंद्र सरकारच्या त्याच वर्षींच्या नागरी परिवहन धोरणांतहि म्हटलें होतें.

यावर नेहमींचा आक्षेप असा कीं, शेजारीं वाहनांची दाटी झाली असतां ही वाट रिकामी पडलेली असते. या ठिकाणीं डोळे फसवितात. दर मिनिटास ६० उतारूंची एक बस गेली, तर तासांत ३,६०० माणसें जातात. तरीहि त्या मिनिटाचा बहुतेक काळ वाट मोकळीच दिसणार. तेवढींच माणसें मोटारींतून दोन-दोन करून न्यावयाचीं, तर दर दोन सेकंदांस एक मोटार अखंड जावी लागेल. वाट मोकळी दिसते, याचें कारण ती आपलें काम करते, हेंच होय.

आक्षेप मात्र सर्वस्वीं पोकळ नाहीं. बसच वेळेवर येत नसेल, किंवा मधल्या थांब्यापर्यंत म्हाताऱ्या माणसास जीव मुठींत धरून रस्ता ओलांडावा लागत असेल, तर ती वाट खरोखरच वायां गेली. नुसती रेघ आखून न्याय होत नाहीं. दुसऱ्याची जागा मागून घेणाऱ्या शासनावर ती भरून दाखविण्याचें ऋण असतें. दिल्लींत २००८ सालीं अशी वाट झाली, २०१२ मध्यें उच्च न्यायालयानें तिच्याविरुद्धची याचिका फेटाळली, तरीहि २०१६ मध्यें ती उखडली गेली. न्यायालयांत टिकलेली गोष्ट लोकमतांत टिकली नाहीं.

राहिला तो त्या वाटेंत हळूच शिरणारा दुचाकीस्वार. ‘मी एकट्यानें काय बिघडतें?’ असें तो म्हणतो. परंतु इतर शिरत नाहींत म्हणूनच ती त्याला मोकळी सांपडते. जें कृत्य सर्वांनीं केलें असतां त्याचा हेतूच नाहींसा होतो, तें नीतीला धरून नाहीं, ही कान्टची कसोटी येथें तंतोतंत लागू पडते.

ठाणें वा कल्याण-डोंबिवली येथें उद्यां अशी वाट आखावयाची म्हटल्यास रुंदीचा व खर्चाचा विचार तज्ज्ञ करतील. नागरिकानें विचारावयाचा प्रश्न एवढाच कीं, या तासाभरांत येथून माणसें किती गेलीं? मोटारीच्या काचेआड बसूनहि ज्याला हा प्रश्न सुचेल, त्यालाच समतेचा अर्थ कळला म्हणावयाचें.