शोमरोनी स्त्रीची घागर



प्रायश्चित्तकाळात याकोबाच्या विहिरीवरचे शुभवर्तमान आपण ऐकतो (योहान ४:५-४२). त्यावरची प्रवचने बहुधा त्या शोमरोनी स्त्रीच्या पाच नवऱ्यांवर येऊन थांबतात. आम्ही बायका मात्र आधी तिच्या घागरीकडे बघतो. भर दुपार, डोक्यावर ऊन आणि पाण्याला एकटी. कसारा-उंबरमाळीच्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. आपल्याकडे पावसाळ्यात डोंगर धुऊन निघतात, पण पाणी काळ्या कातळावरून वाहून जाते. होळी झाली की विहिरी तळाला जातात आणि पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघणे सुरू होते. भरलेला हंडा आणि वर कळशी म्हणजे वीस किलोंच्या आसपास वजन. ते कोणाच्या डोक्यावर असते हे विचारायलाच नको. आई पाण्याला गेली की थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आणि तिची शाळा बुडते.

२०१५ साली ह्याच तालुक्यातल्या डेंगणमाळ गावाची बातमी जगभर गेली. तिथे काही पुरुषांनी पाणी भरायला माणूस हवे म्हणून दुसरे, तिसरे लग्न केले होते. पहिली पोरे सांभाळते, मग पाणी कोणी आणायचे, असा त्यांचा सवाल. अशा घरी आलेल्या बायकांत विधवा होत्या, टाकलेल्याही होत्या. त्यांना छप्पर मिळाले, हेही खरे. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. घरात पाणी नाही, तर आणखी एक बाई आणावी हे सुचले. हंडा आपण उचलावा हे सुचले नाही. आणि ह्यावर आपण हसू नये. आपल्या ख्रिस्ती घरांत बायको एकच असते, तिघींची कामे ती एकटी करते.

आता पुन्हा विहिरीवर जाऊ. प्रभू येशू तिच्याकडे पाणी मागतो, पण बोलणे पाण्यापाशी थांबत नाही. देवाची उपासना कोठे करावी, कशी करावी, हा तिचा प्रश्न तो मनावर घेतो आणि तिला उत्तर देतो. पाच नवऱ्यांची गोष्ट त्याला ठाऊक आहे, तरी ह्या साऱ्या उताऱ्यात 'पाप' हा शब्द एकदाही येत नाही. गावातून परतलेले शिष्य चकित होतात, कारण गुरुजी एका बाईशी बोलत आहेत! आणि ती बाई घागर तिथेच टाकून गावात जाते. तिच्या साक्षीवरून पुष्कळ शोमरोनी विश्वास ठेवतात. पाणी भरणारी बाई सुवार्ता सांगणारी झाली, ती घागर खाली ठेवल्यावर.

हाच उतारा इंग्लंडमध्ये एका धर्मभगिनीने पंडिता रमाबाईंना वाचून दाखवला होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळलेले पाहून रमाबाईंनी, ही माणसे असे का करतात, असे विचारले होते. त्याचे उत्तर ह्या उताऱ्यात होते. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या कॅथलिक नव्हत्या, आणि ज्या मिशनऱ्यांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्यांनी वाद घातला. पुढे केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी त्यांनी घर उभारले. तिथे मुली विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेले बायबल तिथेच छापले गेले. त्या घराचे नाव 'मुक्ती'. स्त्रीमुक्ती म्हटले की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, हा शब्द बाहेरून आला असे वाटते. एका ख्रिस्ती बाईने तो शंभर वर्षांपूर्वीच दारावर लिहिला होता.

'बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावे' हे पौलाचे वचन लग्नाच्या मिस्सात आम्हांला पुष्कळदा ऐकवले जाते. त्याच्या आधीच्या ओळीत त्याने सर्वांनाच एकमेकांच्या अधीन राहायला सांगितले आहे (इफिसकरांस ५:२१), ते कमी वेळा ऐकू येते. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवर लिहिलेल्या पत्रात हेच स्पष्ट केले : लग्नातली अधीनता दोन्हीकडून आहे, एकीकडून नव्हे. आई होणे, घर सांभाळणे आम्हांला कमीपणाचे वाटत नाही. ते फक्त आमचेच आहे असे देवाने सांगितले, हे मात्र आम्हांला शुभवर्तमानात सापडत नाही.

उलट काही वेगळेच सापडते. शेवटच्या भोजनाची जागा शोधायला प्रभूने शिष्यांना काय खूण सांगितली? पाण्याची घागर घेतलेला एक पुरुष भेटेल, त्याच्या मागे जा (मार्क १४:१३, लूक २२:१०). त्या देशातही पाणी बहुधा बायकाच भरत, म्हणून तर ही खूण चालली. त्या माणसाचे नावही कोणी लिहून ठेवले नाही. त्याच्या मागे गेल्यावर माडीवरची खोली सापडली. तिथे त्याच रात्री गुरूने स्वतः घंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुतले.

पवित्र गुरुवार जवळ येत आहे. २०१६ पासून पोप फ्रान्सिस ह्यांच्या आज्ञेने ह्या विधीत स्त्रियांचेही पाय धुतले जाऊ शकतात, आणि त्यात आम्हांला आनंद आहे. पण पाय धुण्याचे ते पाणी दरवर्षी दुपारीच आणून ठेवलेले असते, आणि ते आणणाऱ्या आम्हीच असतो. ह्या वर्षी ते आपल्या भावांनी आणावे, अशी आमची विनंती आहे. दोन हंडे पुरतील. चुंबळ आम्ही देऊ, वाटही दाखवू.